चौकटीतले नाव

एका जिवंत माणसाचे नाव मी मृतांमध्ये लिहिले, आणि त्याचा दोष दुसऱ्या माणसाला लागू दिला. ही गोष्ट मी पत्नीला सांगितली नाही, मुलांना सांगितली नाही, आणि ज्यांना सांगणे माझे कर्तव्य होते त्यांना तर अडतीस वर्षे सांगितली नाही. लोक मला मितभाषी म्हणतात. माझ्या मितभाषीपणात किती सौजन्य आहे आणि किती भीती, याचा हिशेब मी अलीकडेच मांडू लागलो आहे. ज्यांना तो दोष लागला त्या मास्तरांविषयी लिहायचे तर आरंभ इथूनच करावा लागतो.

मास्तर म्हणजे आमचे स्टेशनमास्तर. हार्बर मार्गावर, कापसाच्या गोदामांच्या पाठीमागे, ते लहानसे स्टेशन होते. एका बाजूला गोदामे, दुसऱ्या बाजूला गिरणी कामगारांच्या चाळी आणि मध्ये आम्ही. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे ते दिवस. मी वीस वर्षांचा, तिकीट खिडकीवर नुकताच चिकटलेला, अजून कायम न झालेला. मास्तर मला नावाने हाक मारीत नसत. ‘उमेदवार’ म्हणत, आणि तेही ‘अहो’ लावून.

मास्तरांच्या दोन्ही मनगटांवर घड्याळे असत. उजव्या हातावर रेल्वेची वेळ आणि डाव्या हातावर गिरणीच्या भोंग्याची. दोहोंत तीन-चार मिनिटांचे अंतर असे. कोणी विचारले की मास्तर म्हणत, “दोघांतलं एक खोटं बोलतं. पण दोघांच्याही हाताखाली माणसं आहेत, म्हणून मी कोणाचं नाव घेत नाही.”

खिडकीवर ते स्वतः बसले की रांग खोळंबे. तिकीट मागणाऱ्याला ते आधी कारण विचारीत.

“शीवला? शीवला काय आहे?”

“हॉस्पिटल, मास्तर.”

“कोण आजारी?”

“मेव्हणा.”

“कुठला, पायानं अधू तो? मग एकटा कशाला जातोस? बायकोला घेऊन जा, त्याला बरं वाटेल.”

आणि रे रोडचे तिकीट मागणाऱ्या धडधाकट माणसाला ते सरळ म्हणत, “एका स्टेशनाला तिकीट? पाय कशाला दिलेत देवानं?” रेल्वेचा पगार घेऊन लोकांना चालायला लावणारा दुसरा स्टेशनमास्तर मी पुढच्या सगळ्या नोकरीत पाहिला नाही. मागे उभे असलेले लोक ओरडत, “मास्तर, गाडी आली.” मास्तर उजवे मनगट वर करून दाखवीत, “अजून दीड मिनिट आहे. तुमच्या घरी कोण आजारी आहे?”

ही चौकशी निव्वळ खोड नव्हती. तिचे उत्तर दुसऱ्या दिवशी फळ्यावर येई.

तिकीट खिडकीशेजारी एक काळा फळा होता. गाड्यांना उशीर झाला तर तो त्यावर लिहावा, एवढाच रेल्वेचा हेतू. मास्तरांनी तो सगळ्या वस्तीचा करून टाकला होता. वरच्या ओळीत गाड्या. त्याखाली कोणत्या गिरणीत कोणती पाळी बंद आहे. कोणत्या चाळीत गोवर निघाला आहे. गावाहून आलेली कोणाची म्हातारी स्टेशनच्या बाकावर बसून आहे, तिला घ्यायला यावे. चळवळ पेटल्यावर त्यात भर पडली : परळच्या बाजूने जाऊ नये, लाठीमार चालू आहे, लालबागचा रस्ता मोकळा झाला. रात्रपाळीहून परतणारे कामगार आधी फळा वाचत आणि मग घरची वाट धरीत. ज्यांना वाचता येत नसे ते शेजाऱ्याला विचारीत. वर्तमानपत्र चाळीत एखादेच येई. फळा सर्वांचा होता.

एकदा स्टेशनच्या नळावरून कुरबूर झाली. मागच्या चाळीतल्या, पुढे बौद्ध झालेल्या बायका तिथे पाणी भरीत. काही जणांना ते खुपले. कुजबुज मास्तरांच्या कानावर गेली. दुसऱ्या दिवशी फळ्यावर ठळक अक्षरांत आले : ‘नळ रेल्वेचा आहे. रेल्वेला जात नाही. तक्रार असल्यास खिडकीवर यावे.’ मास्तर दिवसभर खिडकी सोडून हलले नाहीत. जेवणाचा डबाही तिथेच उघडला. कोणी आले नाही. संध्याकाळी त्यांनी ती ओळ पुसली आणि मला म्हणाले, “उमेदवार, माणसं भिंतीआड फार शूर असतात.” तेव्हा मी हसलो होतो.

फळ्याच्या उजव्या कोपऱ्यात, वरच्या बाजूला, खडूने आखलेली एक चौकट होती. बहुतेक दिवस ती रिकामी असे. वस्तीत कोणी वारले की त्याचे नाव त्या चौकटीत येई आणि तीन दिवस राही. त्या चौकटीचा एक नियम होता, आणि तो मास्तर कधी मोडीत नसत. मृत्यूची बातमी कितीही जणांनी आणली तरी ते स्वतः त्या घरी पायी जात, घरच्यांना कळल्याचे डोळ्यांनी पाहत, मगच परत येऊन खडू हाती घेत. “घराच्या आधी फळ्याला कळता कामा नये,” असे ते म्हणत. म्हणूनच चौकटीतल्या नावाविषयी कोणी कधी शंका घेतली नाही. फळा पाहून लोक सरळ खांदा द्यायला जात.

मास्तरांचे अक्षर मोत्यांसारखे नव्हते, पण ते वीस पावलांवरून वाचता येई. मी रुजू झालो त्या आठवड्यापासून त्यांनी मला रोज सकाळी फळ्याच्या खालच्या भागावर ते गिरवायला लावले. दोन माणसांची अक्षरे दिसली तर लोक बुचकळ्यात पडतील, असे त्यांचे म्हणणे. सहा महिन्यांत माझा हात इतका वळला की खुद्द मास्तर एकदा चष्मा कपाळावर सारून म्हणाले, “यातली कोणती ओळ माझी, उमेदवार?” मला त्याचा फार अभिमान वाटला होता.

मास्तरांना शिकवण्याचेही वेड होते. गाडीची वाट पाहणाऱ्या अडाणी माणसाला ते फळ्यापाशी नेत आणि त्याचे स्वतःचे नाव ओळखायला शिकवीत. बाकीची बाराखडी राहू द्या, म्हणत. नाव ओळखता आले की पुष्कळ झाले. दुसऱ्या चाळीतली एक बाई गिरणी कामगारांची खाणावळ चालवी. आम्ही तिला वहिनी म्हणत असू. मूळची मालवणकडची. एक दिवस ती खिडकीशी येऊन उभी राहिली.

“मास्तरानू, माका माझा नाव नको. घोवाचा शिकवा.”

“शिकवतो. नाव काय त्याचं?”

वहिनी पदराआड हसली. “ता तोंडान कसा घेवचा?”

“मग मी लिहू कसं?”

तिने थोडा विचार केला. “गौरीचो झील. तेचाच नाव.”

मास्तर एवढे मोठ्याने हसले की प्लॅटफॉर्मवरचा हमाल वळून पाहू लागला. गौरीच्या मुलाचे नाव म्हणून त्यांनी फळ्यावर ‘गणपत’ लिहिले. “बघ, नवरा सरळ आहे तुझा. काना नाही, मात्रा नाही. चार अक्षरं, चार पावलं.” त्यानंतर वहिनी स्टेशनात आली की बोटाने हवेत ती चार अक्षरे काढी. गणपत गिरणीत यंत्रांना तेल घालणारा ऑइलमन होता; तो चिडवी, “ही माका वाचता, पण हाक मारणा नाय.” वहिनीला साऱ्या जगातला तेवढा एकच शब्द वाचता येत होता. आणि चौकट म्हणजे काय, हे तर वस्तीतल्या लहान पोरांनाही ठाऊक होते.

आता ती दुपार.

सकाळपासून लालबाग-परळकडे गोळीबार चालल्याचे कानावर येत होते. गाड्या तुटक धावत होत्या. मास्तरांची पाळी बाराला संपली. घरी न जाता ते परळच्या हॉस्पिटलकडे पायी निघाले; आपल्या वस्तीतले कोण कोण जखमी होऊन आले आहेत, ते स्वतः पाहून यायचे म्हणाले. जाताना मला सांगून गेले, “फळ्यावर गाड्यांखेरीज काही लिहू नका. मी आल्यावर बघू.” सहायक मास्तर आपल्या खोलीत फोनला चिकटून होते, फळ्याकडे त्यांनी एरवीही कधी पाहिले नव्हते.

एकच्या सुमारास एक कामगार धापा टाकीत खिडकीशी आला. गणपतच्याच खात्यातला.

“गणपतच्या डोक्यात लागलं. नाक्यावर. रक्ताचं थारोळं होतं. पोलिसांनी उचलून गाडीत घातला.”

“गेला?” मी विचारले.

“हलत नव्हता. गेलाच म्हणायचा.”

एवढे बोलून तो निघून गेला. प्लॅटफॉर्म रिकामा होता.

मी खडू का उचलला, याचे उत्तर पुढे अनेक वर्षे मी स्वतःला सोयीचे देत आलो. भावना अनावर झाल्या, वय कोवळे होते, दिवसच तसे होते. खरे उत्तर निराळे आहे. माझ्याबरोबरीची मुले मोर्च्यांत जात होती, मार खात होती. मी नोकरी कायम होण्याच्या आशेने खिडकीत बसून होतो. बाकीच्या वस्त्यांतून हुतात्म्यांची नावे येत होती. आमच्या स्टेशनाचा एकही हुतात्मा नव्हता. तो असावा, आणि त्याचे नाव प्रथम मी लिहावे, असे मला वाटले. एका माणसाच्या मरणात मी माझा वाटा शोधीत होतो.

चौकटीत मी लिहिले : ‘हुतात्मा गणपत, दुसरी चाळ.’ अक्षर उत्तम आले. दोन पावले मागे सरून मी ते पाहिलेही.

दोनच्या गाडीने वहिनी उतरली. शीवच्या कोळीवाड्यात तिचा भाऊ राहत असे. तिकडून ती येत होती. काखेत भाजीची पिशवी होती. नेहमीच्या सवयीने तिची नजर फळ्यावर गेली. ती थांबली. मी खिडकीच्या जाळीआड होतो, तिच्यापासून पाच-सहा हातांवर. तिने बोट उचलले आणि हवेत, हळूहळू, एकेक अक्षर काढले. मग ती ते नाव मोठ्याने बोलली.

“गणपत.”

लग्न झाल्यापासून तिने ते नाव तोंडाने घेतले नव्हते. आपण ते उच्चारले, हे कळल्याबरोबर तिने दोन्ही मनगटे नळाच्या दगडी कठड्यावर आपटली. हिरव्या बांगड्यांचे तुकडे उडाले. कोणीतरी धावले, कोणी तिचे हात धरले, तोवर तिने कपाळही पुसले होते. मी जाळीआड बसून होतो. “थांबा, खात्री नाही” हे तीन शब्द माझ्याजवळ होते. मी ते बोललो नाही.

अर्ध्या तासाने मास्तर परतले. हॉस्पिटलातल्या प्रत्येक खाटेपाशी जाऊन आले होते. गणपत तिथे नव्हता. गर्दी पाहून ते पुढे आले, त्यांनी फळा पाहिला, आणि मग माझ्याकडे पाहिले. त्या नजरेत राग नव्हता. पाढा चुकलेल्या मुलाकडे शाळेतले मास्तर पाहतात तसे ते पाहत होते. त्यांनी हाताने चौकट पुसली आणि वहिनीपाशी जमिनीवर बसले.

“बाई, अजून काही खरं नाही. मी पाहून आलो. तो तिथं नाही.”

“फळ्यार हा,” वहिनी म्हणाली. “तुमीच लिवलास. तुमीच शिकवलास माका.”

मास्तरांनी मान खाली घातली. माझे नाव घेतले नाही.

तिसऱ्या दिवशी गणपत आला. डोक्याला पट्टी बांधलेली. लाठी लागून बेशुद्ध झाला होता. पोलिसांनी कोठडीत ठेवून सोडून दिले होते. घरी जाऊन तो तिथून थेट स्टेशनात आला, मागे निम्मी चाळ घेऊन. मास्तर खिडकी सोडून बाहेर आले.

“मास्तरानू, माका बघून घेवा,” गणपत म्हणाला. आवाज चढलेला नव्हता, त्यामुळे तो अधिक ऐकू येत होता. “मी जितो आसंय. पण माझ्या बायलेची काकणा फुटली. म्हातारी आवस म्हणता, जित्या घोवाची काकणा फोडलेली बाय, ती परत कशी भरूची? माका सांगा, आता कोण भरतलो?”

“चूक झाली, गणपत,” मास्तर म्हणाले. “फार मोठी चूक झाली.”

“तुमची चूक?”

“फळा माझा आहे.”

गणपत थुंकला नाही की त्याने शिवी दिली नाही. तो पाठ फिरवून निघून गेला, आणि सारी चाळ त्याच्यामागे गेली. त्या दिवसापासून फळ्यापुढे कोणी थांबेना. मास्तर रोज लिहीत, लोक मान वळवून पुढे जात. तिकिटाचे कारण विचारले तर “कामाला” एवढेच उत्तर येई. ज्या माणसाने रांग खोळंबवण्यात आयुष्य घालवले, त्याच्या खिडकीवरची रांग आता भराभर सरकू लागली.

कोणीतरी वर तक्रार केली. रेल्वेच्या फळ्यावर ‘हुतात्मा’ लिहिला म्हणून साहेब चौकशीला आले. मास्तरांच्या खोलीत त्यांनी बैठक घातली. तिकिटांचे गठ्ठे लावीत मी त्याच खोलीत होतो.

“त्या वेळी तुमची पाळी संपली होती,” साहेब म्हणाले. “मग कोणी लिहिलं?”

“सगळी वस्ती काय सांगते, साहेब?”

“तुमचं अक्षर होतं, असं सांगते.”

“मग माझंच असणार. इथं दुसरं अक्षर नाही.”

साहेबांनी माझ्याकडे पाहिले. “तुम्हाला काही माहीत आहे?”

मी म्हणालो, “नाही.”

मास्तरांची बदली घाटावरच्या एका स्टेशनात झाली, जिथे दिवसातून दोन पॅसेंजर थांबत. वरची जागा मिळायची होती, ती मिळाली नाही. जाताना कोणी पोचवायला आले नाही. महिन्याभरात मी कायम झालो.

चार-पाच वर्षांनी, राज्य झाल्यानंतर, मी एकदा त्यांना भेटायला गेलो. वाटेत मनाशी वाक्य जुळवीत गेलो होतो. ते म्हातारे झाले होते. घड्याळ एकच उरले होते, उजव्या हातावरचे. इथे भोंगा नाही म्हणाले. फळा होता, पण त्यावर फक्त गाड्या. त्यांनी स्वतः चहा केला. माझे वाक्य ओठांशी आले, तोच त्यांनी विचारले, “उमेदवार, तिनं काकणं भरली का हो?”

मला ठाऊक नव्हते. त्या घरावरून जायचे मी चार वर्षे टाळले होते. स्टेशनात ती दिसली की मी खिडकी लावून घेई.

“भरली,” मी म्हणालो.

मास्तरांचा चेहरा इतका मोकळा झाला की पुढे काही बोलण्याचे धैर्य मला झाले नाही. एका खोट्यावर मी दुसरे ठेवून आलो. ते आठ वर्षांनी वारले. मला पत्रातून कळले.

पुढे मी बढत्या घेत गेलो. हाताखालच्या माणसांना सचोटीवर व्याख्याने दिली. यंदा निवृत्तीची तारीख ठरली आणि कार्यालयात कोणीतरी माझ्या सुंदर अक्षराची स्तुती केली. त्या रविवारी मी दुसऱ्या चाळीत गेलो.

वहिनी खोलीच्या दारात तांदूळ निवडीत बसल्या होत्या. गणपत वारून बरीच वर्षे झाली होती. मुलगा, सून घरात होती. मी ओळख सांगितली. तिकीट खिडकीवरचा, म्हटल्यावर त्यांनी डोळे बारीक केले आणि सुनेला पाणी आणायला सांगितले. इकडचे तिकडचे बोलणे झाले. मग मास्तरांनी विचारलेला प्रश्न मी विचारला.

“भरली,” त्या म्हणाल्या. “सासू कुरकुरली, पण ह्येंनी ऐकूक नाय. पण काकणा वाजली की माका नळार आपटल्याचो आवाज येय. म्हणान मगे मी एकेकच पितळेची घातलंय. ती वाजत नाय.” त्यांनी सुपातला एक खडा काढून टाकला. “त्या मास्तरान माका एक नाव शिकवल्यान आणि त्याच नावान माका मारल्यान. तेचा बरा होवचा नाय, असा मी देवाकडे किती वर्सां म्हटलंय. मेलो काय तो?”

“गेले,” मी म्हणालो. आणि मग जे म्हणायला आलो होतो ते म्हणालो. पण माझ्या नेहमीच्या आवाजात, मान खाली घालून.

वहिनींनी कानाशी हात नेला. “मोठ्यान बोल, पुता. माका ऐकाक येणा नाय.”

गॅलरीत शेजारीपाजारी होते. मुलगा दाराशी येऊन उभा राहिला होता. मी उठून उभा राहिलो, आणि आयुष्यात क्वचितच काढला असेल तेवढ्या आवाजात बोललो.

“वहिनी, चौकटीतलं ते नाव मास्तरांनी लिहिलं नव्हतं. मी लिहिलं होतं. त्यांनी लिहू नका म्हणून बजावलं होतं, तरी लिहिलं. तुम्ही ते वाचत होता तेव्हा मी जाळीआड गप्प बसलो, आणि त्यांनी दोष अंगावर घेतला तेव्हाही गप्पच बसलो. त्यांनी तुमचं काही वाईट केलं नाही. त्यांना दिलेले शाप माझे आहेत. ते त्यांच्यावरून काढून घ्या. मी चुकलो, वहिनी. मला क्षमा करा.”